‘शॉर्ट सर्किट’ नावाचा फरार आरोपी

कोठेही आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक वाक्य ठरलेले असते : ‘आगीचे कारण शॉर्ट सर्किट असावे, असा प्राथमिक अंदाज आहे.’ दुकान जळो, गोदाम जळो वा रुग्णालय जळो, वाक्य तेच. या वाक्याची मोठी सोय अशी की, त्यात कर्ता नसतो. पाऊस पडला, वीज कोसळली, तसे शॉर्ट सर्किट झाले. वाचक हळहळतो, पान उलटतो. ती तार कोणी ओढली, सांधा कोणी जोडला, काम कोणी तपासले आणि पैसे वाचवा म्हणून कोणी सांगितले, हे प्रश्न त्या एका शब्दाच्या आड कायमचे दडून राहतात.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. विजेच्या शास्त्राशी त्याचा औपचारिक संबंध शाळेतच संपला. परंतु पत्रकारितेच्या निमित्ताने वीजकामाचे ठेकेदार, वायरमन, वीज कंपनीचे अभियंते यांच्याशी वर्षानुवर्षे बोलणे होत आले. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. आपल्या समाजात हजारो तरुण ज्या व्यवसायावर पोट भरतात, ज्याच्या भरवशावर आपण सारे रात्री निर्धास्त झोपतो, त्या वीज ठेकेदारीच्या व्यवसायाचा आपण कधी गंभीरपणे विचारच केलेला नाही. तो नीट चालला तर शेकडो मराठी कुटुंबे सन्मानाने उभी राहतात. तो बेफिकिरीने चालला तर माणसे मरतात. या दोहोंच्या मध्ये तिसरी अवस्था नाही.

सांधा ढिला, बळी एकोणसाठ

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. या प्रकरणाची न्यायालयीन कथा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि सर्वतोमुखी झाली. बंद केलेली वाट, अडवलेले दरवाजे, धुराने कोंडलेली बाल्कनी यांची चर्चा पुष्कळ झाली. ती योग्यही होती. पण आगीचा उगम कोठे होता? तळघराऐवजी तळमजल्यावरील वाहनतळालगत असलेल्या वीज मंडळाच्या रोहित्रात. त्याच दिवशी सकाळी त्या रोहित्रात आग लागून गेली होती आणि त्याची दुरुस्तीही झाली होती. तारेच्या टोकाला जो धातूचा कान बसवतात, तो दाबून घट्ट करण्यासाठी क्रिम्पिंग यंत्र लागते. तेथे ते वापरलेच गेले नाही. साचा आणि हातोडी यांवर काम भागवले गेले. सांधा ढिला राहिला. दिवसभर वीज वाहत राहिली, ठिणग्या उडू लागल्या, अखेर तार निसटली, तेल बाहेर आले, पेटले. आणि शेजारच्या मोटारींनी ती आग वर पोहोचवली.

एका अवजाराचा अभाव आणि ‘चालून जाईल’ ही वृत्ती, एवढ्याने सुरुवात झाली होती. पुढचे सारे दोष त्यावर रचले गेले.

ढिल्या सांध्याचे गणित शालेय आहे. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर वीज घेतो. त्याच्या वाटेवरील एखाद्या सांध्यात केवळ १ ओहमचा जादा रोध निर्माण झाला, तर त्या सांध्यावर नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ वॅट उष्णता तयार होते. डाग देण्याची भक्कम इस्त्री भिंतीच्या पोटात चालू ठेवून घराबाहेर पडावे, तसा हा प्रकार आहे. तारेतून जाणारी वीज मात्र वाढलेली नसते. त्यामुळे फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही. हळूहळू आवरण करपते, वितळते, दोन तारा एकमेकींना भिडतात आणि तेव्हा कोठे ज्याला आपण शॉर्ट सर्किट म्हणतो ते घडते. म्हणजे वृत्तपत्रे ज्याला कारण म्हणतात, ते अनेकदा शेवटचे प्रकरण असते. पहिले प्रकरण महिनोन्‌महिने आधी, पेचकसाच्या अर्ध्या फेऱ्याच्या आळसात लिहिले गेलेले असते.

महाराष्ट्राला हे दूरचे उदाहरण वाटू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात १० अर्भके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. दोन्ही वेळी पहिला शब्द तोच उच्चारला गेला. दोन्ही घटनांनंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या तपासण्यांची भाषा झाली. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. आगीच्या बातम्या होतात म्हणून त्या दिसतात तरी. विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू एकेकटे होतात. शेतातल्या मोटारीपाशी, न्हाणीघरात, बांधकामावर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात अशा मृत्यूंची संख्या दरवर्षी १० हजारांच्या वर राहिली आहे.

कायदा आहे, सही विकाऊ आहे

या बाबतीत कायदा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५व्या नियमाने स्पष्ट सांगितले होते की, दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांची साधी बदली वगळता विजेच्या मांडणीचे कोणतेही काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावे. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी आणि हात लावणाऱ्या कारागिराकडेही परवाना असावा. पुढे २००३ चा वीज कायदा आला. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले. तरतुदीचा गाभा तोच राहिला. ठेकेदार, पर्यवेक्षक, वायरमन अशी ही तीन पायऱ्यांची रचना आहे. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, हा तिचा हेतू.

प्रत्यक्षात काय घडते? नव्या मीटरसाठी वीज कंपनीकडे चाचणी अहवाल द्यावा लागतो. त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही आणि शिक्का लागतो. काम करणारा वेगळाच कोणी असतो. ज्याच्याकडे परवाना नाही, पण हातात कसब आहे असा एखादा तरुण घरभर तारा ओढतो आणि अहवालापुरता कोणा परवानाधारकाकडे जातो. तो परवानाधारक जागा न पाहता, मेगर न लावता, ठरलेले पैसे घेऊन सही करतो. या धंद्यातील प्रत्येकाला हे ठाऊक आहे. सर्वच ठेकेदार असे करतात असे मुळीच नाही. परंतु जे करतात त्यांना कोणी जाब विचारत नाही, हेही तितकेच खरे.

मेगरची चाचणी म्हणजे काही अवघड विधी नव्हे. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन तारेच्या आवरणाचा रोध मोजायचा. तो किमान १ मेगओहम असावा, असा जुना दंडक आहे. त्याबरोबर अर्थिंगचा रोध आणि फेज-न्यूट्रल योग्य जागी आहेत की नाहीत, हे पाहायचे. घरगुती कामाला यास फार तर तासभर लागतो. तो तास न देता केलेली सही ही केवळ खोटी सही नव्हे. डॉक्टरने रुग्ण न पाहता प्रकृती उत्तम असल्याचा दाखला द्यावा, तसा तो प्रकार आहे. फरक इतकाच की, येथे रुग्ण एक नसून त्या घरातले सारे कुटुंब असते.

यात दुसरेही एक नुकसान आहे. सही भाड्याने मिळते म्हणून कसबी तरुण परवान्याच्या परीक्षेच्या वाटेला जात नाही. वर्षानुवर्षे तो दुसऱ्याच्या शिक्क्याखाली राबतो. त्याला सरकारी निविदा भरता येत नाही, बँक कर्ज देत नाही, मोठा वास्तुविशारद त्याला दारात उभे करत नाही. अप्रामाणिक सहीने ग्राहकाचा जीव धोक्यात येतो आणि कारागिराचे भवितव्य कुंठित होते.

स्वस्ताई कोण मागते?

सारा दोष ठेकेदारावर टाकून आपण मध्यमवर्गीय मोकळे होऊ शकत नाही. घराचे नूतनीकरण निघाले की फरशी, स्वयंपाकघराचा ओटा, छताची सजावट यांवर आपण उदारपणे खर्च करतो. त्या गोष्टी पाहुण्यांना दिसतात. तारा भिंतीत जातात, त्या कोणाला दिसत नाहीत. म्हणून घासाघीस सुरू होते ती तेथेच.

समजा, दोन शयनकक्षांच्या एका जुन्या सदनिकेच्या संपूर्ण वायरिंगसाठी दोन अंदाजपत्रके आली. एक ९० हजारांचे, दुसरे ६२ हजारांचे. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. बहुतेक घरी दुसरे स्वीकारले जाईल आणि २८ हजार वाचल्याचा आनंद होईल. ते २८ हजार आले कोठून, असे कोणी विचारीत नाही. वातानुकूलन यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटरची तार हवी तेथे अडीचची घातली आणि प्रमाणित तारेऐवजी नकली घेतली, की ९ हजार निघाले. जुनेच अर्थिंग ‘आहे की’ म्हणून तसेच ठेवले, ६ हजार सुटले. आरसीसीबी गाळला आणि एमसीबी कमी केले, ५ हजार वाचले. उरलेले ८ हजार कुशल वायरमनऐवजी कालपरवा धंद्यात आलेल्या मुलाकडून काम करून घेतल्याचे. बेरीज बरोबर २८ हजार. ही बचत नव्हे. आपल्या घराच्या सुरक्षिततेतून काढून घेतलेली रक्कम आहे.

आरसीसीबी म्हणजे काय, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असायला हवे. फळीवरचा १६ अँपिअरचा एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. गिझरच्या पत्र्यात वीज उतरली आणि ओल्या हाताने कोणी त्याला स्पर्श केला, तर शरीरातून सुमारे दीडशे मिलीअँपिअर वीज जाऊ शकते. माणूस दगावायला ती पुरेशी आहे. एमसीबीच्या लेखी मात्र ती किरकोळ. त्याच्या मर्यादेचा शंभरावा हिस्सा. आरसीसीबी जाणारी आणि परतणारी वीज सतत ताडून पाहतो आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात प्रवाह तोडतो. त्याच्यावर चाचणीचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहायचे असते. किती घरांत ते दाबले जाते? अनेक ठिकाणी तर आरसीसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून वायरमनकडून काढून टाकला जातो. सारखा पडतो याचा अर्थ घरात कोठेतरी वीज गळते आहे, हा निरोप असतो. निरोप नको म्हणून निरोप्यालाच हाकलण्याचा हा प्रकार.

सचोटीचा धंदा चालतो का?

येथे व्यवहारी वाचक विचारील, हे सारे ऐकायला ठीक. पण नियमाने काम करणारा ठेकेदार बाजारात टिकेल का? त्याचे अंदाजपत्रक तर नेहमीच वरचे राहणार.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर धंद्याच्याच भाषेत दिले पाहिजे. वीज ठेकेदारीत जे बुडतात त्यातले बहुतेक सुरक्षेवर खर्च केला म्हणून बुडत नाहीत. ते बुडतात तोंडी व्यवहारामुळे, उधारीमुळे आणि झेपत नसलेले काम घेतल्यामुळे. आठ पॉइंटचे काम बोलता बोलता बाराचे होते, कागद नसतो, शेवटी पैशांवरून वाद होतो आणि ग्राहकही जातो. तांब्याचा भाव वर जातो आणि महिन्यापूर्वी तोंडी सांगितलेल्या दरात तार आणावी लागते. बांधकाम व्यावसायिकाचे मोठे काम मिळाल्याच्या आनंदात स्वतःचे सारे भांडवल अडकते, देयक सहा महिने निघत नाही आणि इकडे मुलांचे पगार थकतात. पगार थकले की चांगला वायरमन प्रथम सोडून जातो. मग अर्धवट शिकलेल्यांवर काम ढकलले जाते. आर्थिक बेशिस्तीतून असुरक्षितता जन्माला येते, ती अशी.

म्हणून यशस्वी धंदा आणि सुरक्षित धंदा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोहोंचा पाया लिखित शिस्त हाच आहे. अंदाजपत्रकात तारेची जाडी, छाप, पॉइंटची संख्या, अर्थिंगचा प्रकार, दर किती दिवस लागू राहील आणि जादा कामाचा हिशेब कसा होईल, हे सारे नमूद असावे. ९० हजारांच्या अंदाजपत्रकात हे लिहिलेले असले आणि ६२ हजारांच्या चिठ्ठीत केवळ बेरीज असली, तर निदान काही ग्राहकांना फरक कळतो. आणि ज्यांना कळतो तेच ग्राहक टिकाऊ असतात. आगाऊ रक्कम, कामाच्या टप्प्यांनुसार देयके आणि काम संपताच चाचणीच्या नोंदींसह नकाशाची एक प्रत ग्राहकाच्या हाती, हा क्रम पाळणाऱ्या ठेकेदाराला भिंतीत खिळा ठोकतानाही त्याच घरचा दूरध्वनी येतो. कारण तार कोठून गेली आहे हे त्याच्या कागदावर असते.

दुसरे म्हणजे देखभालीचे काम. नवी बांधकामे मंदीत थांबतात. गृहनिर्माण संस्था, शाळा, दवाखाने, छोटे कारखाने यांच्या वार्षिक देखभालीचे करार थांबत नाहीत. पाऊस सुरू होण्यापूर्वी सांधे आवळणे, अर्थिंग मोजणे, पंपाची पेटी साफ करणे ही कामे दिसायला लहान, पण दरमहा येणारा पैसा तीच देतात. हे करार विश्वासावर मिळतात, जाहिरातीवर नाही.

तिसरी गोष्ट कटू आहे. ठरावीक छापाची वायर घेतली की दुकानदाराकडून कमिशन आणि कंपनीकडून बक्षिसाची कूपने, ही या धंद्यातील जुनी चाल. ग्राहकाच्या पैशाने माल घ्यायचा आणि मोबदला दुकानदाराकडून उचलायचा, याने दृष्टी बिघडते. माल निवडताना गुणवत्तेऐवजी कूपन दिसू लागते. आपली मजुरी उघडपणे, पुरेशी आणि ताठ मानेने मागावी. म्हणजे मागच्या दाराचा पैसा लागत नाही. मराठी माणसाला मोबदला मागण्याचा संकोच वाटतो आणि मग तो आडवाटेने वसूल केला जातो, हे आपल्या उद्यमशीलतेचे जुने दुखणे आहे. ज्या मातीतून किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे १९४६ मध्ये बंगळुरूत विजेच्या मोटारी घडवणारा किर्लोस्करांचा कारखाना निघाला, तिला उघड, चोख व्यवहाराचे वावडे असण्याचे कारण नाही.

आणि चौथी गोष्ट, ‘नाही’ म्हणण्याची. अर्थिंगशिवाय काम करा, जोडभार कमी दाखवा, चालू लाईनवरच जोडून द्या, असा आग्रह करणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नकार देणारा ठेकेदार त्या दिवशी एक काम गमावतो. पण अपघात झाल्यावर पोलिसांच्या कागदावर ग्राहकाचा आग्रह येत नाही, ठेकेदाराचे नाव येते. नकाराची किंमत आधी मोजावी हे बरे.

शिडीवरचा मुलगा

आतापर्यंत ग्राहक आणि मालक यांचाच विचार झाला. परंतु या धंद्यात सर्वांत पुढे उभा असतो तो हेल्पर. अठरा-वीस वर्षांचा, बहुधा खेड्यातून आलेला, पायात रबरी चप्पल, खिशात टेस्टर. त्याचा उस्ताद त्याला पहिल्या दिवशी जे शिकवतो ते बहुधा असे असते : ‘घाबरायचं नाही, थोडा झटका बसतोच.’ या एका वाक्याने किती मुले गेली असतील, याची गणती नाही.

खरे शिक्षण पाच पावलांचे आहे. पुरवठा बंद करायचा. तो दुसऱ्या कोणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी लावायची. वीज खरोखर गेली आहे हे तपासायचे. आणि तपासण्यापूर्वी व नंतर तेच उपकरण चालू लाईनवर लावून ते स्वतः शाबूत असल्याची खात्री करायची, कारण बिघडलेला टेस्टरही न पेटता ‘वीज नाही’ असेच सांगतो. मोठ्या कामात तारा भूसंपर्कित करायच्या. आणि त्यानंतरच हात लावायचा. भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आणि जनित्रे आली. योग्य चेंजओव्हर नसेल तर त्यांची वीज उलटी तारेवर चढते आणि खांबावर चढलेला वीज कर्मचारी ‘बंद’ लाईनवर मरतो. म्हणून बंद केले एवढे पुरत नाही, तपासले पाहिजे.

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. वीजतंत्री आणि तारतंत्री हे त्यांतील दोन वर्षांचे जुने, मागणी असलेले अभ्यासक्रम. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची चौकटही आहे. ठेकेदारांनी आपल्याकडील हेल्परला या वाटेने नेले, परवान्याच्या परीक्षेला बसवले, तर त्यांना कुशल माणूस मिळतो आणि मुलाला आयुष्याची ओळख. ‘शिकला की सोडून जाईल’ ही भीती सर्वत्र ऐकू येते. न शिकता राहिला तर काय होईल, याची भीती अधिक असायला हवी. कामगाराच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. तिचा विमा उतरवणे हा खर्च वाटतो. पण एक अपघात छोट्या ठेकेदाराचे घरदार विकायला लावतो आणि त्या मुलाच्या आईचे दुःख त्यानेही भरून निघत नाही.

मंडपातील वीज

या साप्ताहिकाचे अनेक वाचक आपापल्या गावात उत्सवांचे, शिबिरांचे, सेवाकार्यांचे आयोजन करतात. म्हणून थोडे स्पष्ट बोलायला हवे. गणेशोत्सव, नवरात्र, सार्वजनिक कार्यक्रम या वेळी वीज कंपनी तात्पुरती जोडणी देते. तरीही खांबावर आकडा टाकण्याची किंवा शेजारच्या दुकानातून उघडी तार ओढण्याची सवय सर्वत्र गेलेली नाही. मंडपाचा सांगाडा लोखंडी असतो, वरून पाऊस असतो, खाली चिखल आणि मुलांची गर्दी असते. तारेला जोड दिलेला असतो आणि त्यावर साधी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. आकडा टाकायला चढतो तो कोणी मजूर नव्हे, उत्साही कार्यकर्ता असतो.

वर्गणी पारदर्शक असावी, ध्वनीची मर्यादा पाळावी, असे आपण सांगतो. त्यातच हेही जोडावे की, मंडपाची वीज परवानाधारक ठेकेदाराकडूनच घेतली जाईल, मंडपाच्या सांगाड्याला अर्थिंग असेल, मुख्य पेटीत आरसीसीबी असेल आणि पेटी लहान मुलांच्या हाताबाहेर असेल. देवासमोर रोषणाई कमी असली तर देव रागावणार नाही. कार्यकर्त्याचा जीव गेला, तर मात्र आपण त्याच्या घरी कोणत्या तोंडाने जाणार?

खंडेनवमीला आपण अवजारे पुसून, हळदकुंकू वाहून त्यांची पूजा करतो. वायरमनचा पक्कड-पेचकसही त्या दिवशी पाटावर येतो. या पूजेचा अर्थ इतकाच की, ज्या साधनावर आपले पोट आहे ते नेटके ठेवावे. फाटलेल्या मुठीची पक्कड, तडा गेलेला टेस्टर, पायरी मोडलेली लोखंडी शिडी यांना फूल वाहून परत कामावर नेण्यात पूजा नाही. त्या दिवशी ती बदलली, तर ती खरी पूजा.

छपरावरचे नवे आव्हान

या व्यवसायापुढे आज मोठे दार उघडले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्य घर योजनेने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरऊर्जा नेण्याचे लक्ष्य ठेवले. ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती प्रकल्पास ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. लहान ठेकेदारांसाठी ही संधी मोठी आहे. पण सौरवीज ही नेहमीच्या विजेची धाकटी बहीण नव्हे. पटले एकामागोमाग जोडले की काही शे व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. ऊन आहे तोवर तो राहतो. घरातील मुख्य बटण बंद केले तरी पटलांकडच्या तारा जिवंतच असतात. आपल्या नेहमीच्या प्रत्यावर्ती विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. एकदिश विजेत तो मिळत नाही. ढिल्या सांध्यातील ठिणगी जळतच राहते. म्हणजे उपहारच्या त्या सांध्याचा धडा आता लक्षावधी छपरांवर पुन्हा गिरवायचा आहे. जो तरुण हे शास्त्र नीट शिकेल, योग्य अवजार घेईल आणि सांधा मोजून आवळील, त्याला पुढची वीस वर्षे काम कमी पडणार नाही. जो जुन्या सवयीने छपरावर चढेल, तो घरमालकाच्या डोक्यावर निखारा ठेवून खाली उतरेल.

१९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईला सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेईसांग गावी वीज पोहोचली आणि देशातील प्रत्येक गावापर्यंत वीज गेल्याची घोषणा झाली. शतकभराचा हा पराक्रम थोरच. मात्र वीज गावोगाव पोहोचली. तिला हाताळण्याची शिस्त तितक्या वेगाने पोहोचली नाही. ते काम कोणतेही शासन एकट्याने करू शकणार नाही.

करायचे फार अवघडही नाही. गृहस्थाने वायरमनला घरात घेताना परवाना पाहावा, लेखी अंदाजपत्रक मागावे आणि चाचणीच्या आकड्यांशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. ठेकेदाराने न पाहिलेल्या कामावर सही करू नये. शाखेत, मंडळात, गृहनिर्माण संस्थेत काम करणाऱ्यांनी वर्षातून एक संध्याकाळ जाणत्या ठेकेदाराला बोलावून आपल्या वस्तीतील वीज तपासून घ्यावी. आणि पुढच्या वेळी वृत्तपत्रात ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द आला की वाचकाने तेथे थांबू नये; सांधा कोणाचा होता आणि सही कोणाची होती, असे विचारावे. तो प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर हा फरार आरोपी फार काळ मोकळा राहणार नाही.